ऑफिसातली फोनलाइन वरचेवर बिघडते तेव्हा: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघू. "फोन खराब आहे" या एकाच तक्रारीत पाच-सहा वेगळे आजार दडलेले असतात. त्यातला आपला कोणता हे ठरवलं की निम्मी धावपळ वाचते.

- बोलताना खरखर येते, कागद चुरगाळल्यासारखी. वायर हलली की वाढते. पाऊस पडला किंवा फरशी पुसली की वाढते.
- अखंड घूं असा आवाज येतो. त्यात चढउतार नसतो, फोन उचलल्यापासून ठेवेपर्यंत तो तसाच.
- दुसऱ्या टेबलावरचं बोलणं पुसट ऐकू येतं.
- घंटी एकदाच वाजून थांबते, किंवा कुणी न उचलताच कॉल तुटतो.
- फोन जागेवर ठेवलेला असतो, तरी बाहेरच्याला एंगेज लागतो.
- डायल टोन जातो, तासाभराने आपोआप येतो. तंत्रज्ञ दारात उभा राहिला की लाइन ठणठणीत.

गेली अनेक वर्षं मी ऑफिसांमधल्या फोनच्या वायरिंगचे दोष काढतो आहे. दोष बहुतेक वेळा फोनमध्ये नसतो आणि एक्स्चेंजमध्येही (ऑफिसातलं कॉल जोडून देणारं यंत्र, म्हणजे ईपीएबीएक्स) नसतो, तो मधल्या जोडांत असतो. मोजून बघा. एक्स्चेंजच्या कार्डापासून एमडीएफ (इमारतीतल्या सगळ्या लाइनी जिथे एकत्र येतात ती मुख्य चौकट), तिथला जंपर (दोन जागा जोडणारी छोटी तार), मजल्यांवर जाणारी राइझर केबल, मजल्यावरचा बॉक्स, तिथला दुसरा जंपर, टेबलापर्यंतची केबल, रोझेट (भिंतीवरची फोनची जोडपेटी), लाइन कॉर्ड, फोन, आणि शेवटी हँडसेटची गुंडाळी कॉर्ड. एका एक्स्टेंशनच्या (टेबलावरच्या अंतर्गत लाइनच्या) वाटेत अशा सहज चौदा जागा निघतात, आणि प्रत्येक जागी तारा दोन. म्हणजे अठ्ठावीस जोड. त्यातला एक ढिला असला तरी माणूस फोनला शिव्या देतो आणि नवा फोन मागवतो.

हाताने होणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी चांगला चालणारा फोन त्याच्या कॉर्डसकट आणून बिघडलेल्या पॉइंटला लावा. नुसता फोन बदलू नका, कॉर्डही बदला. हँडसेटची गुंडाळी कॉर्ड रोज ताणली जाते आणि आत तुटते. ती हलवल्यावर खरखर वाढली तर दोष तिथेच आहे. मग उलटंही करा: बिघडलेला फोन चांगल्या पॉइंटला लावा. या दोन मिनिटांत फोन दोषी की वायर दोषी हे ठरतं. ते न ठरवता पुढचं काहीही केलं तरी तो अंदाजच.

मग त्या लाइनवर समांतर जोडलेलं जे काही असेल ते काढा. फॅक्स, कार्ड मशीन, जुना मोडेम, कोपऱ्यात कुणी विसरून गेलेला दुसरा फोन. ओलावा शिरलेला एक रोझेट किंवा आतून शॉर्ट झालेलं एक मशीन पूर्ण लाइन अडवून ठेवू शकतं, आणि "फोन खाली ठेवूनही एंगेज" या तक्रारीचं हे नेहमीचं कारण आहे. सगळं काढा, एकच फोन ठेवा, मग एकेक परत लावा. जे लावल्यावर दोष परतला ते बाजूला.

रोझेट उघडून बघा. तारेचं तांबं हिरवट किंवा काळं पडलंय का, स्क्रूखाली इन्सुलेशनसकट वायर दाबलीय का, दोन उघड्या तारा एकमेकींना टेकतायत का. भिंतीत रोझेटऐवजी आठ पिनांचा नेटवर्क सॉकेट असेल आणि त्यात फोनचा सहा जागांचा छोटा प्लग खुपसला जात असेल, तर कडेच्या दोन पिना दबून वाकतात. फोनला त्याचा त्रास नाही, तो मधल्या चार-पाच क्रमांकाच्या पिनांवर चालतो. पण उद्या तिथे संगणक लावला की नेटवर्क अडखळतं आणि कुणाला कारण कळत नाही. अशा सॉकेटसाठी आठ पिनांच्या प्लगची फोन कॉर्ड वापरा.

पुढची तपासणी फुकटची आहे, म्हणून ती कुणी करत नाही: वेळ लिहून ठेवा. आठवडाभर, दोष आला की तारीख, वाजले किती, बाहेर पाऊस होता का, एसी चालू होता का, सफाई नुकती झाली होती का. एका ऑफिसात पहिल्या मजल्यावरच्या चार एक्स्टेंशन सकाळी खरखरायच्या आणि दुपारपर्यंत बऱ्या व्हायच्या. तीन वेळा फोन बदलून झाले होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी दहा दिवस वेळा टिपल्या, आणि कागदावर दिसलं की दोष सकाळच्या सफाईनंतर सुरू होतो. मजल्यावरचा बॉक्स भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला होता. खालच्या केबलच्या भोकातून पोछ्याचं पाणी आत जायचं आणि दुपारी सुकायचं. बॉक्स उघडला तर खालच्या ओळीतल्या तारांवर हिरवी बुरशी धरावी तसा थर होता. तारा मागून ओढून कापल्या, नव्या क्रोन मॉड्यूलवर (फटींत तारा दाबून बसवायचा ब्लॉक) बसवल्या, बॉक्स कमरेच्या उंचीवर नेला. त्या चार लाइनींची तक्रार पुन्हा आली नाही.

लाइन मधून तोडून बघणं

आता एमडीएफपाशी या. इथे एकच प्रश्न सोडवायचा: दोष बाहेरून येतो आहे की इमारतीच्या आतला आहे? बाहेरची लाइन जिथे इमारतीत शिरते तिथे आतलं वायरिंग सोडवा आणि थेट फोन लावा. तिथेही खरखर असेल तर तुमच्या वायरिंगला हात लावू नका, सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि "एंट्रीवर आतलं वायरिंग सोडवून तपासलं, दोष तिथेही आहे" हे वाक्य तक्रारीत घाला. त्याने एक फेरी वाचते.

आवाज स्वच्छ असेल तर दोष आपला. एक्स्टेंशनसाठीही हीच युक्ती: आधी एमडीएफवर एक्स्चेंजच्या बाजूला फोन लावून ऐका, मग मजल्यावरच्या बॉक्समध्ये, मग टेबलावर. जिथे आवाज बिघडतो त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष. क्रोनची डिस्कनेक्शन मॉड्यूल असतील तर तारा सोडवायचीही गरज नाही, डिस्कनेक्शन प्लग खोवला की दोन बाजू वेगळ्या होतात.

इथेच जंपर पाहून घ्या. क्रोनच्या फटीत तार बसवताना तिचं इन्सुलेशन कापून दोन पाती तांब्याला घट्ट पकडतात. ही पकड वर्षानुवर्षं टिकते, पण ती बसवणारं क्रोन टूल असेल तरच. स्क्रूड्रायव्हरने तार दाबली की पाती फाकतात, आणि फाकलेली फट मग कोणत्याही टूलने नीट पकडत नाही. फट भरीव तारेसाठी केलेली असते. त्यात बारीक तारांची लवचिक वायर बसवली तर आज चालते, वर्षभराने खरखरते. एका फटीत दोन तारा कोंबलेल्या दिसल्या तर खालची तार सैल असणार हे धरून चाला. अशा फटी सोडून द्या, शेजारच्या मोकळ्या जागी नव्याने टूलने बसवा.

कोणताही बिननावाचा जंपर काढण्यापूर्वी तो कुठे जातो ते शोधा. हे मी कळकळीने सांगतो. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन आणि आगीच्या अलार्मची लाइन बहुतेकदा याच ब्लॉकवरून जाते. त्या रोज वापरल्या जात नाहीत, त्यामुळे तुटल्या तरी कुणाला कळत नाही. कळतं ते कुणी लिफ्टमध्ये अडकल्यावर.

मल्टीमीटर घेतल्यावर

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. बाहेरच्या लाइनवर फोन ठेवलेला असताना दोन तारांमध्ये सुमारे ४८ व्होल्ट डीसी मिळतात. छोट्या ईपीएबीएक्सच्या एक्स्टेंशनवर कमीही असतात, २४ व्होल्टही चालतात. फोन उचलला की आकडा १० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. घंटी वाजताना मात्र त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात, आणि त्याचा झटका चांगलाच जाणवतो. म्हणून काम करताना त्या लाइनवरचा फोन उचलून ठेवा, म्हणजे घंटी येणार नाही. हात ओले असतील तर थांबा. ढग गडगडत असतील तर बाहेरच्या लाइनीला अजिबात हात लावू नका.

आता एक फसवा प्रकार. मीटर ४८ दाखवतो, म्हणून लाइन चांगली असं म्हणून माणूस निघून जातो, आणि फोन तरी मुका. मीटर लाइनमधून प्रवाह जवळजवळ घेतच नाही. जोड इतका गंजलेला असला की त्यातून जेमतेम काही जाईल, तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. फोनला मात्र बोलण्यासाठी साधारण २० मिलीअँपिअर किंवा जास्त लागतात, आणि तेवढा प्रवाह मागितला की सगळं व्होल्टेज त्या गंजलेल्या जोडावरच खर्च होतं. म्हणून मोजणी नेहमी दोनदा: फोन ठेवून, मग फोन उचलून. उचलल्यावर आकडा दोन-तीनवर कोसळला आणि टोन नाही, तर वाटेत कुठे तरी आजारी जोड आहे.

तंत्रज्ञ आला की लाइन बरी का होते, याचं उत्तरही इथेच आहे. गंजलेल्या जोडावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. घंटीचं मोठं व्होल्टेज त्यातून गेलं की तो फुटतो आणि जोड काही काळ चांगला वागतो. तंत्रज्ञ पहिल्यांदा काय करतो? त्या नंबरवर रिंग देतो. म्हणजे तपासणीनेच रोग लपतो. तुमच्याकडे "एक कॉल आला की मग दिवसभर बरं चालतं" असं कुणी म्हणत असेल तर ते वाक्य तक्रारीत तसंच्या तसं लिहा. अनुभवी माणूस ते वाचून सरळ जोड शोधायला लागतो.

वायरचा रोध मोजायचा तर दोन्ही टोकं एक्स्चेंज आणि फोनपासून सोडवा, मीटरने व्होल्ट शून्य असल्याची खात्री करा, पलीकडे दोन तारा एकमेकींना जोडा आणि अलीकडे ओहम बघा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची १०० मीटर लांबीची जोडी जाऊन-येऊन साधारण १७ ते १९ ओहम दाखवते. ६० दिसले, किंवा बॉक्सवर टिचकी मारल्यावर आकडा उड्या मारू लागला, तर दोष सापडला.

राइझर केबलमध्ये मोकळी जोडी शिल्लक असेल तर आजारी जोडीच्या मागे दिवस घालवू नका. लाइन मोकळ्या जोडीवर घ्या आणि जुन्या जोडीच्या दोन्ही टोकांना "खराब" अशी चिठ्ठी लावा. चिठ्ठी लावली नाही तर पुढच्या वर्षी कुणी तरी "मोकळी आहे" म्हणून तीच जोडी नव्या माणसाला देतं. परत परत येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी अशाच जन्मलेल्या असतात.

घूं आणि दुसऱ्याचं बोलणं

हे दोन सगळ्यात त्रासदायक आणि सगळ्यात कमी समजलेले आजार आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

फोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना पिळलेल्या जोडीचं पेटंट १८८१ साली मिळालं, आणि आजची नेटवर्क केबलही त्याच तत्त्वावर चालते. शेजारून विजेची वायर गेली तर तिचा ५० किंवा ६० हर्ट्झचा प्रभाव दोन्ही तारांवर सारखाच पडतो. फोन दोन तारांमधला फरक ऐकतो, आणि सारख्यातून सारखं वजा झालं की ऐकायला काही उरत नाही. हा तोल बिघडला की घूं सुरू होते. एक तार ओलाव्यातून किंवा खिळ्यातून जमिनीला गळते, किंवा एकाच तारेचा जोड गंजतो, आणि दोन बाजू सारख्या राहत नाहीत. म्हणून घूं आली की विजेच्या वायरीला दोष देण्याआधी आपल्या जोडीतल्या दोन्ही तारा सारख्या आहेत का ते बघा. दोन्ही टोकं सोडवून प्रत्येक तार आणि अर्थिंग (जमिनीला जोडलेली तार) यांच्यात मीटर लावा. निरोगी तारेवर साधा मीटर आकडाच दाखवत नाही. एका तारेवर काही लाख ओहम दिसले आणि दुसरीवर काही नाही, तर गळती पहिलीत आहे. तार निर्दोष निघाली तर मग फॉल्स सीलिंग उघडा: फोनची केबल विजेच्या वायरींच्या जुडग्याला बांधून लांबवर गेली आहे का, ट्यूबलाइटच्या चोकवर पडली आहे का. असेल तर वेगळी करा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

दुसऱ्याचं बोलणं ऐकू येण्यामागे बहुतेकदा असते फाटलेली जोडी. एका ऑफिसात अकाउंट्सच्या टेबलावर वरिष्ठांच्या केबिनमधलं बोलणं ऐकू यायचं. पगाराचं, माणसं काढण्याचं. लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले होते. दोन जणांनी आधी तपासून "वायरिंग ओके" लिहून दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं: प्रत्येक तार या टोकाकडून त्या टोकाला बरोबर पोहोचत होती. बॉक्स उघडून केबलचं आवरण आणखी चार बोटं मागे सोललं तेव्हा दिसलं. निळ्या तारेची सोबतीण पांढरी आणि नारिंगी तारेची सोबतीण पांढरी, दोन्ही पांढऱ्यांवरच्या खुणा पुसट झालेल्या, आणि बसवणाऱ्याने पिळा लांबपर्यंत उलगडून त्यांची अदलाबदल केली होती. दुसऱ्या टोकालाही तशीच, म्हणून सलगता बरोबर आली. पण एका लाइनची एक तार दुसऱ्या लाइनच्या तारेशी पिळलेली. पिळा ज्यांना वाचवायचा त्यांनाच एकमेकांत मिसळत होता.

सलगता तपासून हा दोष कधीच सापडत नाही. डोळ्यांनी पिळा बघावा लागतो. मीटरमध्ये कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर दोन्ही टोकं सोडवून त्याच केबलमधल्या शेजारच्या जोड्यांशी तुलना करा: फाटलेली जोडी कमी आकडा दाखवते. तारा बसवताना पिळा ब्लॉकच्या अगदी जवळपर्यंत राखा. आणि पंचवीस जोड्यांच्या केबलचा सर्रास वापरला जाणारा रंगक्रम तोंडपाठ करा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, आधी पांढऱ्याबरोबर, मग लाल, काळा, पिवळा, जांभळा यांच्याबरोबर. म्हणजे सहावी जोडी लाल-निळी, अकरावी काळी-निळी.

दोष परत का येतो

दुरुस्ती नीट होऊनही सहा महिन्यांनी तीच तक्रार येते तेव्हा मी वहीची चौकशी करतो. वही नसते. कोणती जोडी कोणत्या टेबलाला जाते हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. मग प्रत्येक बदलात नवा जंपर टाकला जातो, जुना तसाच लोंबत राहतो, त्याचं उघडं टोक कशाला तरी टेकतं, आणि आजारी जोडी पुन्हा वाटली जाते. दर ओळीत पाच गोष्टी लिहा: एक्स्टेंशन नंबर, एमडीएफवरची जागा, राइझरची जोडी, मजल्यावरच्या बॉक्सची जागा, टेबलाचा पॉइंट. एक प्रत एमडीएफच्या दारामागे चिकटवा. नवं वायरिंग करणार असाल तर राइझरमध्ये आजच्या गरजेच्या वर किमान चौथाई जोड्या मोकळ्या ठेवा, मजल्यावरचे बॉक्स पाण्याच्या नळापासून आणि जमिनीपासून दूर लावा, मधे कुठेही सीलिंगमध्ये जोड देऊ नका, आणि टेबलापर्यंत नेटवर्कचीच केबल टाका. आज तिच्यावर साधा फोन चालेल, उद्या आयपी फोन. फक्त तिची बांधलेली लांबी ९० मीटरच्या आत ठेवा.

इथे थांबा

लाइनच्या तारेवर, घंटी वाजत नसताना, एसी व्होल्टेज टिकून दिसलं तर मीटर खाली ठेवा. कुठे तरी विजेची वायर सोलवटून फोनच्या वायरला लागली असू शकते. आधी इलेक्ट्रिशियन, मग फोनवाला. एक्स्चेंजची अर्थिंग, एमडीएफवरचे वीजसंरक्षक प्लग आणि एक्स्चेंजची कार्डं यांना हात लावू नका. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायची वेळ आली तर ते काम ज्याला सगळी उपकरणं आधी वेगळी करायची सवय आहे त्याचंच आहे, नाही तर एका बटणात एक्स्टेंशन कार्ड जळतं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, विजेच्या पॅनेलच्या आत किंवा उंच शिडीवरून सीलिंगच्या वर जायचं असेल तर थांबा. लिफ्टचा फोन आणि आगीचा अलार्म त्यांच्या अधिकृत माणसांकडेच द्या. एकाच वेळी एका मजल्यावरच्या दहा-बारा लाइनी गेल्या असतील तर राइझर केबलच दुखावली आहे, आणि ती कुठे तुटली हे अंतर मोजणाऱ्या यंत्राशिवाय कळत नाही.

तंत्रज्ञाला बोलावताना त्याच्या हातात एक कागद द्या: कोणत्या एक्स्टेंशन, कोणत्या वेळा, कोणत्या जागेपर्यंत आवाज स्वच्छ होता, फोन ठेवून आणि उचलून किती व्होल्ट आले, कोणती जोडी बदलली. तो गेल्यावर त्याने काय केलं ते त्याच दिवशी वहीत चढवा, त्याला विचारून, त्याच्यासमोर.